पेशीच औषध होते तेव्हा

नांदेड आणि लातूर इथे याच विषयावर झालेल्या आमच्या दोन व्याख्यानांचं हे एकत्रित शब्दांकन आहे. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे. श्रोत्यांनी विचारलेले निवडक प्रश्न शेवटी दिले आहेत.

सुरुवात एका साध्या कागदापासून करू. आपल्यापैकी जवळपास प्रत्येकाच्या घरात, कपाटात नाहीतर कॅरीबॅगमध्ये घडी करून ठेवलेला एक तरी सीबीसीचा रिपोर्ट असतो. ताप आला, तीन दिवसांत उतरला नाही, की डॉक्टर रक्त तपासायला सांगतात. पावसाळ्यात तर विचारायलाच नको. रिपोर्ट हातात आला की आपली नजर एकाच ओळीवर जाते: प्लेटलेट किती? कमी असतील तर डेंग्यू, आणि मग पपईच्या पानांचा रस.

आजचा विषय आहे जिवंत पेशींना नवीन काम शिकवून त्यांच्याकडून रोग ओळखून घेणं आणि बराही करून घेणं. विषय ऐकायला फार पुढचा वाटतो. पण व्याख्यान संपेल तेव्हा आपण पुन्हा याच कागदापाशी येणार आहोत. का, ते शेवटी कळेल.

पेशीला शिकवायचं म्हणजे काय?

आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी म्हणजे एक छोटा कारखाना. कोणता माल बनवायचा याच्या सूचना डीएनएमध्ये लिहिलेल्या असतात. एका सूचनेला आपण जनुक म्हणतो. पेशीत बाहेरून एक नवी सूचना घातली, तर पेशी बिचारी ती आपलीच समजून पाळते. सूचना कोणी लिहिली हे ती विचारत नाही. या एका गोष्टीवर हे सगळं शास्त्र उभं आहे.

यातलं पहिलं मोठं यश आपण रोज वापरतो. मधुमेहाचं इन्सुलिन पूर्वी गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत असत. मग माणसाचं इन्सुलिनचं जनुक जिवाणूत घालण्यात आलं आणि १९८२ साली तसं बनवलेलं इन्सुलिन बाजारात यायला परवानगी मिळाली. जिवाणू टाकीत वाढतो, इन्सुलिन बनवतो, आपण ते शुद्ध करून घेतो.

दुसरं उदाहरण तुमच्या शेतातलं. बीटी कापूस. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कापसाच्या झाडात घातलं, झाड स्वतःच बोंडअळीला मारणारं प्रथिन बनवू लागलं. २००२ मध्ये भारतात त्याला परवानगी मिळाली. पुढे काय झालं तेही तुम्हाला माहीत आहे, त्याकडे आपण नंतर येऊ.

आता फरक बघा. इन्सुलिनच्या बाबतीत जिवाणू कारखान्यातच राहतो, आपल्या शरीरात फक्त माल येतो. आज ज्या उपचाराबद्दल बोलायचं आहे त्यात पेशीच शरीरात जाते. ती तिथे फिरते, शत्रू शोधते, त्याला मारते आणि स्वतःची संख्या वाढवते. गोळी घेतली की विरघळते आणि संपते. पेशी बियाण्यासारखी आहे, ती उगवते. म्हणूनच तिला जिवंत औषध म्हणतात.

गावचा जागल्या

पूर्वी गावात जागल्या असायचा. रात्री काठी आपटत गस्त घालायचा. परका माणूस दिसला की हटकायचा. आपल्या रक्तात हे काम टी-पेशी करतात. विषाणूची लागण झालेली पेशी दिसली की तिला भोक पाडून मारतात.

मग या टी-पेशी कर्करोगाला का सोडतात? कारण कर्करोग परगावचा नसतो. तो गावातलाच, ओळखीच्या घरातला पोरगा असतो, बिघडलेला. जागल्या त्याला बघतो आणि पुढे जातो. शिवाय हा पोरगा हुशार असतो. आपली ओळख लपवायच्या, जागल्याला गप्प बसवायच्या बऱ्याच युक्त्या त्याच्याकडे असतात.

रक्ताच्या कर्करोगाचे काही प्रकार बी-पेशींपासून होतात. बी-पेशी म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्यांच्या अंगावर सीडी-१९ नावाचं एक प्रथिन असतं. प्रत्येक घराच्या दारावर जसा नंबर, तसा हा बिल्ला. चांगल्या बी-पेशीवरही असतो आणि बिघडलेल्या बी-पेशीवरही. शास्त्रज्ञांनी विचार केला: जागल्याला हा बिल्ला ओळखायला शिकवलं तर?

इथे कलमाची गोष्ट आठवा. गावरान आंब्याचा खुंट घेतात आणि त्यावर केशरची काडी बांधतात. मुळं गावरान, फळ केशर. तसंच इथे केलं. बाहेरचा भाग प्रतिपिंडाचा, कारण बिल्ला ओळखण्यात प्रतिपिंड पटाईत. आतला भाग टी-पेशीचा, म्हणजे ओळख पटली की 'मार आणि वाढ' असा हुकूम देणारा. दोन्ही जोडून एकच नवं प्रथिन तयार केलं. त्याला कायमेरिक अँटिजेन रिसेप्टर, थोडक्यात 'कार', म्हणतात. हे बसवलेली टी-पेशी ती 'कार-टी' पेशी. रस्त्यावरच्या कारशी तिचा काही संबंध नाही!

आता एक शंका येईल. बिल्ला चांगल्या बी-पेशींवरही आहे, मग त्याही मरतील की? मरतात. ही किंमत मोजावीच लागते. पण बी-पेशींशिवाय माणूस काही काळ जगू शकतो. संसर्ग होऊ नये म्हणून काळजी घ्यायची आणि गरज पडली तर प्रतिपिंडं बाहेरून सलाइनवाटे द्यायची. काळजाच्या किंवा फुप्फुसाच्या पेशींवरचा बिल्ला निवडला असता तर रुग्ण वाचलाच नसता. म्हणून सीडी-१९ निवडलं, आणि म्हणूनच ही पद्धत आधी रक्ताच्या कर्करोगात यशस्वी झाली.

प्रत्यक्षात काय करतात

समजा, कंधार तालुक्यातला एकोणीस वर्षांचा एक मुलगा आहे. रक्ताचा कर्करोग झाला, केमोथेरपी घेतली, बरा झाला, आणि दीड वर्षाने आजार उलटला. पुन्हा औषधं दिली, या वेळी दाद मिळेना. अशा मुलासाठी हा उपचार आहे. पहिल्या दिवशीच द्यायचा हा उपचार नाही, हे नीट लक्षात ठेवा.

पहिली पायरी: त्याचं रक्त एका हाताच्या शिरेतून यंत्रात जातं, पांढऱ्या पेशी वेगळ्या होतात, बाकीचं रक्त परत शरीरात येतं. प्लेटलेट दान करताना जे यंत्र वापरतात, त्याच जातीचं हे यंत्र. काही तास लागतात.

दुसरी पायरी प्रयोगशाळेत. टी-पेशी निवडतात, त्यांना जागं करतात आणि नवं जनुक त्यांच्यात पोचवतात. पोचवायला वाहन लागतं. ते वाहन विषाणूपासून बनवलेलं असतं, बहुतेक वेळा एचआयव्हीच्या कुळातला विषाणू. घाबरू नका. त्याची रोग करणारी आणि वाढणारी सगळी जनुकं काढून टाकलेली असतात. पेशीत शिरून डीएनएमध्ये सूचना बसवण्याची त्याची कला तेवढी ठेवतात. पोस्टमनची सायकल घेतली, पोस्टमन घरी पाठवला.

तिसरी पायरी: बदललेल्या पेशी वाढवतात. कोट्यवधी होऊ देतात, मग तपासतात. निर्जंतुक आहेत का, किती पेशींत जनुक बसलं, किती जिवंत आहेत. मग अतिथंड करून पिशवीत भरतात. या सगळ्याला काही आठवडे लागतात.

चौथी पायरी: मुलाला थोडी केमोथेरपी देतात, जुन्या पेशी कमी करून नव्यांना जागा करायला. पेरणीआधी रान मोकळं करतो तसं. मग ती पिशवी सलाइनसारखी चढवतात. पिशवी एवढीशी असते की नातेवाईक विचारतात, 'एवढंच?' तासाभरातच काम होतं. खरं काम त्यानंतर आत सुरू होतं.

पवई, परळ, खारघर

जगात याची चर्चा २०१२ पासून जास्त झाली. अमेरिकेत फिलाडेल्फियाला एमिली व्हाइटहेड नावाच्या लहान मुलीला हा उपचार मिळाला. तिचा आजार सगळ्या औषधांना पुरून उरला होता. पेशी दिल्यावर ती मरणाच्या दारात गेली, कारण पेशींनी युद्ध पेटवलं आणि शरीरात दाहाचा वणवा झाला. रक्त तपासल्यावर इंटरल्यूकिन-६ नावाचं द्रव्य प्रचंड वाढलेलं दिसलं. ते अडवणारं संधिवाताचं एक औषध उपलब्ध होतं, टॉसिलिझुमॅब. संशोधक कार्ल जून यांना ते माहीत होतं, कारण त्यांच्या मुलीला संधिवात होता. ते दिलं, एमिली सावरली, आणि आजारही गेला. आज जगभर या वणव्यावर पहिलं औषध तेच वापरतात. २०१७ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत पहिल्या कार-टी उपचाराला मान्यता मिळाली. किंमत ४ लाख ७५ हजार डॉलर. म्हणजे औषधाचेच तीन कोटींच्या वर.

आता आपल्याकडे या. पवईच्या आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत या पेशींवर काम सुरू झालं. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ पासून कर्करोगाचे रुग्ण बघतंय. तिथले हसमुख जैन, गौरव नरुला यांच्यासारखे डॉक्टर त्यांच्यासोबत आले. एका बाजूला इंजिनिअरिंग कॉलेज, दुसऱ्या बाजूला वॉर्ड, आणि दोन्हींत मुंबईच्या ट्रॅफिकचं अंतर. आयआयटीतूनच 'इम्युनोॲक्ट' ही कंपनी निघाली. ४ जून २०२१ रोजी टाटाच्या खारघर इथल्या 'ॲक्ट्रेक' केंद्रात पहिल्या रुग्णाला या भारतीय पेशी दिल्या गेल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांनी मान्यता दिली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते आयआयटीत त्याचं लोकार्पण झालं. नाव 'नेक्सकार-१९'.

नुसती नक्कल केली असती तर एवढं कौतुक नसतं. परदेशी उपचारात बिल्ला ओळखणारा भाग उंदराच्या प्रतिपिंडापासून घेतलेला होता. आपल्या गटाने तो भाग माणसाच्या प्रथिनासारखा करून घेतला. दुसरं म्हणजे जनुक पोचवणारा विषाणू बाहेरून विकत न घेता इथेच बनवला. या उपचाराच्या खर्चात त्याचा वाटा मोठा असतो. म्हणून किंमत परदेशातल्या किमतीच्या साधारण एक दशांशावर आली, म्हणजे चाळीस लाखांच्या आसपास.

निष्पत्ती काय? ६४ रुग्णांवरच्या चाचण्यांचे निकाल २०२५ मध्ये 'लॅन्सेट हिमॅटॉलॉजी' या नियतकालिकात आले. ज्यांच्यात परिणाम मोजता आला त्यातल्या सुमारे ७३ टक्के रुग्णांनी दाद दिली. हे सगळे रुग्ण म्हणजे ज्यांची बाकीची औषधं संपली होती असे. त्यामुळे आकडा मोठा आहे. पण 'दाद दिली' म्हणजे 'कायमचे बरे झाले' असं नाही. काहींचा आजार काही महिन्यांत परत आला. काहींना गंभीर दुष्परिणाम झाले. हे सांगितलं नाही तर आम्ही जाहिरात केल्यासारखं होईल.

बोंडअळीचा धडा

बीटी कापसाकडे परत येऊ. सुरुवातीला अळी पडेनाशी झाली. मग गुलाबी बोंडअळीने त्या प्रथिनाला पचवायचं शिकून घेतलं आणि २०१७ च्या हंगामात मराठवाड्यात बोंडंच्या बोंडं सडली. ज्यांनी ते बघितलं, त्यांना पुढचं समजावून सांगावं लागणार नाही.

कर्करोगही हेच करतो. कोट्यवधी पेशींत एखादी अशी असते की जिच्यावर सीडी-१९ चा बिल्लाच नाही, किंवा बिघडलेला आहे. जागल्या बाकीच्या सगळ्यांना मारतो, ही एक उरते आणि हळूहळू तिचीच फौज होते. आता जागल्या समोर उभा आहे, पण त्याला ओळखूच येत नाही. म्हणून पुढच्या संशोधनात एकाच वेळी दोन बिल्ले ओळखणाऱ्या पेशी बनवतायत. एकाच वाणावर सगळं शिवार अवलंबून ठेवू नये, तसंच.

दुसरी जोखीम वणव्याची. ताप, रक्तदाब उतरणं, श्वास लागणं. तिसरी मेंदूवरची. रुग्ण गोंधळतो, शब्द सापडत नाहीत. हे लवकर ओळखायची एक साधी युक्ती डॉक्टर वापरतात. रुग्णाला रोज कागदावर एक वाक्य लिहायला लावतात. अक्षर बिघडलं, ओळ तिरकी गेली, की सावध. एवढ्या महागड्या उपचारात एक पेन आणि वही एवढं काम करते! भारतीय चाचण्यांमध्ये मेंदूवरचा हा परिणाम कमी दिसला, ही जमेची बाजू.

चौथी जोखीम दुर्मीळ आहे, पण सांगायला हवी. नवं जनुक डीएनएमध्ये भलत्या जागी बसलं तर ती टी-पेशीच बिघडू शकते. म्हणून २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या सगळ्या उपचारांवर तसा इशारा छापायला लावला. जिवंत औषध दिल्यावर रुग्णावर अनेक वर्षं लक्ष ठेवावं लागतं ते यासाठी. गोळीचा कोर्स संपतो, याचा संपत नाही.

किनवटचा प्रश्न वेगळा

नांदेडच्या व्याख्यानात किनवट-माहूर भागातले शिक्षक आले होते. त्यांनी सिकलसेलबद्दल विचारलं. तिथल्या आदिवासी वस्त्यांमध्ये हा आजार आहे. हिमोग्लोबिनच्या जनुकात एका अक्षराची चूक, आणि गोल तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकडी होते. ती बारीक शिरांत अडकते आणि असह्य कळा येतात.

इथे जागल्या कामाचा नाही, कारण मारायला शत्रूच नाही. सूचनाच दुरुस्त करायला हवी. गर्भात असताना आपलं हिमोग्लोबिन वेगळं असतं, जन्मानंतर ते बंद होतं. बंद करणारा जो खटका आहे, तो रुग्णाच्याच मूळपेशींत 'क्रिस्पर' कात्रीने कापायचा, म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू होतं. २०२३ च्या शेवटी आधी ब्रिटनमध्ये आणि मग अमेरिकेत या उपचाराला मान्यता मिळाली. अमेरिकेतली किंमत बावीस लाख डॉलर. रुपयांत करून बघा, अठरा कोटींच्या वर.

किनवटच्या पाड्यावर हा आकडा सांगण्यात काय अर्थ? म्हणून आम्ही तिथे दुसरी गोष्ट सांगितली. सिकलसेल ओळखायला रक्ताच्या थेंबाची साधी चाचणी आहे. हायड्रॉक्सियुरिया नावाची जुनी, स्वस्त गोळी आहे. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घेतली तर कळांचे झटके कमी होतात. लग्नाआधी दोघांची तपासणी झाली तर पुढची पिढी वाचते. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे, त्यात ही तपासणी होते. क्रिस्पर येईल तेव्हा येईल. रुग्ण कोण हे आधी माहीत असेल तरच त्याचा उपयोग.

रोग शोधणाऱ्या पेशी

शोधण्याचं काम पेशी करू शकतील का? प्रयोग चालू आहेत आणि काही भन्नाट आहेत. २०१५ मध्ये अमेरिकेत आतड्यातल्या एका निरुपद्रवी जिवाणूला असं बदललं, की तो उंदराच्या यकृतातल्या कर्करोगाच्या गाठीत जाऊन वाढायचा आणि एक खूण सोडायचा, ती लघवीत दिसायची. २०२३ मध्ये दुसऱ्या एका गटाने असा जिवाणू दाखवला, जो आतड्यातल्या गाठीतून सुटलेला बिघडलेला डीएनए उचलतो आणि तशी वर्दी देतो. तोही उंदरातच. माणसापर्यंत यायला वेळ आहे.

पण तोपर्यंत काय? तोपर्यंत आपल्याकडे एक जुनी युक्ती आहे. काचपट्टीवर रक्ताचा एक थेंब पसरायचा, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली माणसाने डोळ्याने बघायचं. रक्ताचा कर्करोग असेल तर तिथे कच्च्या, मोठ्या, विचित्र पेशी दिसतात. मशीनच्या आकड्यांतून जे निसटतं, ते अनुभवी डोळ्याला दिसतं.

आणि इथे आपण त्या घडी केलेल्या कागदापाशी परत आलो. प्लेटलेट कमी, ताप आहे. डेंग्यू असेलच असं नाही. डेंग्यू आठ-दहा दिवसांत आवरतो, प्लेटलेट चढतात. पण ताप येत-जात राहिला, पोरगं पांढरंफटक पडलं, हिरड्यांतून रक्त, अंगावर न लागता निळे डाग, हाडं दुखतात म्हणून रात्री रडतं, आणि रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट या तिन्हींत गडबड असेल, तर एक वाक्य बोला: 'डॉक्टर, स्मिअर बघून घ्याल का?' हे विचारण्यात उद्धटपणा नाही.

आणखी दोन गोष्टी. निदान व्हायच्या आधी स्टिरॉइड दिलं, तर ताप उतरतो, गाठ बसते, सगळ्यांना बरं वाटतं. पण काही प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात त्याने खुणा पुसल्या जातात, निदान लांबतं आणि पुढचा उपचार अवघड होतो. दुसरं, पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, दुखतं, आठवड्यात जातं. पण मानेत किंवा काखेत न दुखणारी गाठ महिनाभर राहिली, वाढत गेली, तर 'गंडमाळ असेल' म्हणून नुसत्या अंदाजाने क्षयाची औषधं सुरू करू नयेत. गाठीचा तुकडा काढून तपासायला हवा.

चाळीस लाख आणि रात्रभराचा प्रवास

आता पैशाचं बोलू. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं कवच वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांचं आहे. उपचार चाळीस लाखांच्या आसपास, वर दवाखान्याचा खर्च. तीन कोटींवरून इथवर आलो ही फार मोठी गोष्ट आहे, पण पाच एकर कोरडवाहूवाल्याला तीन कोटी आणि चाळीस लाख यात फरक काय? दोन्ही हाताबाहेरचेच. मदतनिधी, ट्रस्ट, रुग्णालयातला समाजसेवा विभाग यांच्यामार्फत काहींची सोय होते. सगळ्यांची होत नाही.

पैशाइतकंच अंतर आहे. नांदेडहून किंवा लातूरहून मुंबईची गाडी धरायची, रात्रभर प्रवास करायचा, आणि पेशी दिल्यानंतर साधारण महिनाभर रुग्णालयाच्या जवळपास राहायचं, कारण वणवा कधी पेटेल सांगता येत नाही. मुंबईत महिनाभर राहायचं कुठे? दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत वर्षानुवर्षं टाटाच्या रुग्णांची सोय होते. आमच्या मते या अत्याधुनिक उपचाराच्या साखळीत ती धर्मशाळाही प्रयोगशाळेइतकीच महत्त्वाची कडी आहे.

आणि साखळीची पहिली कडी तालुक्यातच आहे. हे आमचं आजचं मुख्य सांगणं. हे औषध कारखान्यात सुरू होत नाही, रुग्णाच्या शिरेत सुरू होतं. कच्चा माल म्हणजे रुग्णाच्या स्वतःच्या टी-पेशी. तो खूप उशिरा आला, खंगून, संसर्ग घेऊन, अर्धवट उपचारांनी पेशी थकवून, तर उत्तम प्रयोगशाळाही चांगला जागल्या घडवू शकत नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट: लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात पहिलीच केमोथेरपी वेळेवर मिळाली आणि पूर्ण घेतली, तर चांगल्या केंद्रांत बहुसंख्य मुलं तिथेच बरी होतात. ही केमोथेरपी योजनेत बसते. दोन-अडीच वर्षं चालते. सोयाबीन काढणी आली, पैसे संपले, पोरगं बरं दिसतंय म्हणून मध्येच सोडली, की आजार उलटतो. मग चाळीस लाखांचा प्रश्न उभा राहतो.

श्रोत्यांचे प्रश्न

*बदललेलं जनुक रुग्णाच्या मुलाबाळांत उतरेल का?*

नाही. बदल फक्त टी-पेशींत होतो. बीजांडात किंवा शुक्रजंतूत तो जात नाही. मात्र केमोथेरपीचा प्रजननक्षमतेवर परिणाम होऊ शकतो. तरुण रुग्णांनी त्याबद्दल उपचाराआधीच डॉक्टरांशी बोलावं.

*आमच्याकडे गुटखा-तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग फार. त्यावर हे चालतं का?*

आज तरी नाही. तोंडाच्या गाठीवर असा बिल्ला सापडत नाही जो चांगल्या पेशींवर नसेल, किंवा ज्यांच्यावर असेल त्या पेशी गेल्या तरी चालेल. शिवाय गाठ घट्ट असते, टी-पेशी आत शिरल्या तरी तिथे थकतात. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणं, तीन आठवडे न भरणारा व्रण: लगेच दाखवा. तिथे वेळेवर केलेली शस्त्रक्रियाच खरा उपचार.

*लहान मुलांना मिळतं का?*

नेक्सकार-१९ ला मिळालेली मान्यता १५ वर्षं आणि त्यापुढच्या रुग्णांसाठी आहे. त्याहून लहान मुलांसाठी काय पर्याय आहेत हे बालकर्करोगतज्ज्ञच सांगतील.

*पेपरात 'स्टेम सेलने मधुमेह, लकवा बरा' अशा जाहिराती येतात. ते हेच का?*

अजिबात नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मूळपेशींचा रूढ उपचार म्हणून वापर रक्ताच्या काही आजारांतल्या प्रत्यारोपणापुरताच मान्य आहे. बाकी सगळं संशोधन आहे. संशोधनात भाग घ्यायचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. कोणी दोन लाख मागितले, तर मान्यतेचा कागद मागा. कागद दाखवायला टाळाटाळ झाली की उत्तर मिळालं.

*हा उपचार नांदेड-लातूरला कधी होईल?*

सगळा एकदम होणार नाही. पेशी काढण्याचं यंत्र मोठ्या रक्तपेढ्यांकडे असतं, ते काम जवळ येऊ शकतं. पेशी देण्यासाठी मात्र चोवीस तास सज्ज अतिदक्षता विभाग आणि हा वणवा आधी पाहिलेले डॉक्टर-नर्स लागतात. पेशी शरीराबाहेर न काढता आतच बदलण्याचे प्रयोगही जगात सुरू झालेत. ते जमले तर किंमत आणि अंतर दोन्ही कमी होतील. पण ज्या गोष्टीसाठी थांबायची गरज नाही ती म्हणजे काचपट्टी, रंग आणि बघणारा डोळा. ती आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आजही आहे.

घरी गेल्यावर तो कपाटातला रिपोर्ट एकदा काढून बघा. प्लेटलेटच्या ओळीच्या वर आणि खालीही ओळी असतात. त्याही वाचा.